नायडूंच्या फियाटची थरथर

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता रंगराजुलू नायडूंची पांढरी फियाट कदिरवेलच्या वर्कशॉपसमोर येऊन थांबली आणि थांबल्यावरही हलत राहिली. बॉनेट थरथरत होतं, आरसा थरथरत होता, डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा पेरुमाळ देव मान हलवून कुणाला तरी हो-हो म्हणत होता. नायडूंनी चावी फिरवली तेव्हा गाडीनं एक शेवटचा हिसका दिला आणि मगच ती गप्प झाली.

नायडूंचं आयुष्य कापड गिरणीत मागांच्या खडखडाटात गेलेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ते शंभर माग चालू असल्यासारखे बोलत. त्यामुळे ते कदिरवेलला जे म्हणाले ते कोईम्बतूरच्या सिंगानल्लूर भागातल्या त्या गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. समोरच्या बेकरीवर चहा पिणाऱ्या रिक्षावाल्यांनी तर कप खाली ठेवून ऐकलं.

म्हणणं असं होतं. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं ती माउंटिंग कदिरवेलनं गेल्या दोन वर्षांत दोनदा बदलली. दोन्ही वेळा काही महिन्यांत गाडी पुन्हा थरथरू लागली. आता येत्या रविवारी दीपावली. धाकटी लेक निरंजना हिचा पहिलाच दिवाळसण. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ती आणि जावई चेन्नईहून येणार, आणि जावयाला स्टेशनवरून घरी याच फियाटमधून आणायचं.

"त्याच्या तोंडातले दात वाजले ना कदिर," नायडू म्हणाले, "तर गिरणीतल्या एकाही माणसाची गाडी तुझ्या दारात दिसणार नाही. मी बघतो."

ही पोकळ धमकी नव्हती. गिरणीतले निवृत्त जॉबर, टाइमकीपर, स्टोअरकीपर आपापल्या जुन्या गाड्या कदिरवेलकडे आणत, ते नायडूंच्या शब्दावर. नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात. कदिरवेलचं वर्कशॉप चालत होतं ते या म्हाताऱ्यांवर आणि त्यांच्याइतक्याच म्हाताऱ्या गाड्यांवर. नायडूंनी पाठ फिरवली तर एका दीपावलीपुरता प्रश्न नव्हता. आयुष्यभराचं नाव जात होतं.

नायडू रिक्षात बसून घरी गेले. रिक्षा सेल्वपांडीची होती. जाता जाता तो म्हणाला, "कदिर अण्णाची माउंटिंग म्हणजे मोगऱ्याचा गजरा. सकाळी माळला, संध्याकाळी सुकला." बेकरीवर हशा झाला. कदिरवेलही हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

मग त्यानं गाडी आत घेतली. मरुदाचलम हा त्याचा जुना जोडीदार, वयानं त्याच्याहून मोठा, पण नावाची पाटी कदिरवेलची म्हणून त्यालाच अण्णा म्हणणारा. मरुदाचलम स्टिअरिंगवर बसला. हँडब्रेक ओढून त्यानं पहिला गिअर टाकला, क्लच अर्धवट सोडला, मग रिव्हर्स टाकून तेच केलं. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या कदिरवेलला इंजिन दिसत होतं. चांगल्या माउंटिंगवरचं इंजिन अशा वेळी जरासं अंग चोरतं. हे इंजिन झोपेत कूस बदलावी तसं या अंगावरून त्या अंगावर वळत होतं.

इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून त्यानं जॅक लावला आणि इंजिन थोडं उचललं. उजव्या माउंटिंगचं रबर लोखंडी पट्टीपासून सुटून आलं. डावं सुटलं नव्हतं, पण दह्यातल्या वड्यासारखं फुगलं होतं. कदिरवेलनं अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

रबर म्हातारं झालं की कडक होतं, त्याला भेगा पडतात, ते तुकड्यातुकड्यांनी झडतं. फुगून लिबलिबीत होत नाही. ते होतं तेल लागल्यावर. म्हणून त्यानं आधी इंजिन पुसून घेतलं, चालू ठेवलं, आणि विजेरी घेऊन गळती शोधली. वरच्या कव्हरची पॅकिंग कोरडी होती. ऑइल फिल्टर कोरडा होता. इंजिनातून तेलाचा थेंब बाहेर येत नव्हता.

मग संशयाला एकच जागा उरली. तो बशीर बायच्या, म्हणजे बशीरभाईच्या, स्पेअरच्या दुकानात गेला आणि माल नकली आहे का असं शक्य तितक्या गोड शब्दांत विचारलं. बशीर बायला ते शब्द गोड लागले नाहीत. त्यानं काउंटरवरून उठून कदिरवेलला मागच्या गल्लीत नेलं, स्वतःची जुनी फियाट दाखवली, बॉनेट उघडलं आणि त्याच कंपनीची, चार वर्षांपूर्वी बसवलेली माउंटिंग हातानं चाचपायला लावली. ती टणक होती. वर बशीर बाय म्हणाला, की वीस वर्षांत असा प्रश्न तू पहिल्यांदा विचारलास, दीपावली आहे म्हणून सोडून देतो. कदिरवेल माउंटिंगचा नवा जोड आणि लाल झालेले कान घेऊन परत आला.

दुपारी मरुदाचलम डबा खाऊन उठला, सुटलेलं रबर त्यानं हातात घेतलं आणि नाकाशी नेलं.

"अण्णा, याला इडलीच्या चटणीपुडीचा वास येतोय."

"तू आत्ता काय खाल्लंस?"

"इडली. पुडी आणि तेल घालून."

"मग वास रबराला येतोय की तुझ्या बोटांना?"

मरुदाचलमनं बोटं हुंगली आणि विषय तिथंच संपला. बुधवारी सकाळी तो साबणानं हात धुऊन आला, डब्यात दहीभात आहे हे आधी उघडून दाखवलं, आणि रबर कदिरवेलच्या नाकाखाली धरलं. वास तिळाच्या तेलाचा होता. शंकेला जागा नव्हती. कोईम्बतूरमधल्या कुठल्याही माणसाला अंधारात ओळखू येईल असा तो वास, फक्त इंजिनाखाली त्याला काही काम नव्हतं.

कदिरवेलनं नायडूंना फोन केला आणि गाडीत कधी तिळाचं तेल सांडलं होतं का, असं विचारलं. नायडूंनी उलट विचारलं, की तुझं डोकं ठिकाणावर आहे का. गाडी पोर्चमध्ये असते, चावी आपल्या कमरेला असते, तेल सांडायचा प्रश्नच कुठे येतो. ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की मरुदाचलमला फोनजवळ यावं लागलं नाही.

गुरुवारी त्यांनी नवी माउंटिंग बसवली. इंजिनाचं वजन जॅकवर तोलून एका वेळी एकच बाजू सोडली. आधी सगळे नट हातानंच फिरवले, पाना लावला नाही. मग जॅक उतरवला, इंजिन नव्या रबरावर टेकू दिलं, थोडा वेळ चालू ठेवलं. त्याला आपली जागा सापडली तेव्हा कुठे पान्यानं नट आवळले. हे एवढं सोपं काम घाईत उलटं केलं तर रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेलं राहतं. कदिरवेलनं ते कधी उलटं केलं नव्हतं, तरी आज मरुदाचलमला दोनदा बघायला लावलं.

नायडू संध्याकाळी आले. त्यांनी बेकरीवरून कॉफीचा काठोकाठ भरलेला टंबलर मागवला, चालू इंजिनाच्या बॉनेटवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. कॉफीवर सुरकुती आली नाही. पेरुमाळही कुणाला हो म्हणत नव्हता. नायडूंनी ती कॉफी पिऊन टाकली, बरं वाटलं असं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, आणि गाडी घेऊन गेले.

मरुदाचलम खूश होता. कदिरवेल नव्हता. आधीच्या दोन्ही वेळीही पहिल्या दिवशी कॉफी अशीच निश्चल राहिली होती.

नवं रबर दोन दिवसांत जरा दबतं, म्हणून नट पुन्हा एकदा आवळून बघायचे असतात. शनिवारी सकाळी कदिरवेल पाने पिशवीत घालून नायडूंच्या घरी गेला. जुनी माउंटिंगही सोबत घेतली, वेळ पडलीच तर दाखवायला. दारात रांगोळीची तयारी होती, आतून मुरुक्कूच्या चकल्या तळल्याचा वास येत होता. पोर्चमध्ये फियाटचं बॉनेट उघडं होतं आणि त्यासमोर आंडाळम्मा, नायडूंच्या पत्नी, हातात पितळेची वाटी घेऊन उभ्या होत्या. वाटीतून तिळाच्या तेलाचा वास येत होता.

त्यांनी वाटी इंजिनावर कलती केली आणि कदिरवेलनं मध्ये हात घातला. कोमट तेल त्याच्या मनगटावर पडलं.

"बाजूला हो तंबी," आंडाळम्मा म्हणाल्या. "शर्टाला लागेल."

"अम्मा, हे काय करताय?"

"आज शनिवार नाही का? घरातल्या पुरुषांना तेल लावून न्हाऊ घालायचा दिवस. यांचं झालं, ते मागे पाटावर बसलेत. आता याचं."

"कुणाचं?"

"थोरल्याचं," त्यांनी गाडीकडे हनुवटी केली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. पहिली ही गाडी आली. पुढच्याच वर्षी मुलगा झाला, मग मुली झाल्या. गाडीचा पायगुण म्हणून आंडाळम्मांनी तिला घरातला थोरला मुलगा ठरवलं, आणि मुलगा म्हटल्यावर शनिवारचं तेल आलंच. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. शनिवारी भात शिजतो हे कुणी मेकॅनिकला सांगतं का?

"पण इतकी वर्षं काही झालं नाही," कदिरवेल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"आधी मी बोटभरच लावायची. वर, टाळूवर." त्यांनी बॉनेटच्या मधोमध बोट टेकवलं. "मग तू रंग दिलास ना याला. तूच म्हणालास, अम्मा, नवा रंग आहे, वर तेलाचा थेंब पडू देऊ नका. तुझं ऐकलं. तेव्हापासून आतून घालते. आत डोकं फार तापतं, बोटभर कुठलं पुरतंय. वाटीभर लागतं."

कदिरवेल पोर्चच्या पायरीवर बसला. रंग दिला त्याला अडीच वर्षं होत आली होती. माउंटिंग जायला लागली ती त्यानंतर. दर शनिवारी वाटीभर तेल इंजिनावरून ओघळत खाली जात होतं आणि रबरावर मुरत होतं, आणि ते त्यानंच सांगितल्यामुळे.

बोलण्याचा आवाज ऐकून नायडू मागच्या अंगणातून आले. कमरेला लंगोट, डोक्यापासून पायापर्यंत तेलानं चमकणारे, पापण्यांवरही तेल. कदिरवेलनं त्यांना विचारलं की फोनवर हे का नाही सांगितलं. नायडूंना खरंच आश्चर्य वाटलं. "तू सांडलं का विचारलंस. सांडलं कुठे? आणि ती वाया घालवणाऱ्यातली नाही."

कदिरवेलनं पिशवीतून जुनी माउंटिंग काढली आणि आंडाळम्मांच्या हातात दिली.

"हे त्याचे पाय आहेत, अम्मा. सगळं वजन यांच्यावर. वर घातलेलं तेल वाहत यांच्यापाशी येतं. दाबून बघा."

आंडाळम्मांनी दाबलं. अंगठा आत गेला. त्यांनी दुसऱ्या बाजूनंही दाबून पाहिलं. तीन लेकरं वाढवलेल्या बाईला सूज कळत नाही असं नाही.

"सुजलेत," त्या म्हणाल्या. "तेलानं?"

"तेलानं."

"मग उद्या मी काय करू? दीपावलीला घरातला एक मुलगा तेलावाचून ठेवू? जावई आलेला असताना?"

नायडूंनी बंपर सुचवला. तो नुसता लोखंडाचा, चकचकीत, तेलानं बिघडणार नाही. आंडाळम्मा म्हणाल्या की ती हनुवटी आहे, आणि हनुवटीला तेल लावलेलं कुणी पाहिलंय का. टप सुचवला तर टपावरही नवा रंग होता. चाकं म्हटलं तर तीही रबराची. सगळे गाडीभोवती फिरू लागले. एका बाजूला तेलानं निथळणारे नायडू, दुसऱ्या बाजूला वाटी घेतलेल्या आंडाळम्मा, मधे पाना घेतलेला कदिरवेल. कदिरवेलनं सहज पुढचं दार उघडलं आणि दार करकरलं.

"बिजागऱ्या," तो म्हणाला. "अम्मा, बिजागऱ्यांना लावा. हे सांधे आहेत. याला तेल लागतंच. एकेक थेंब."

"सांध्यांना तेल म्हातारी माणसं लावतात."

"चाळीस वर्षांचा झाला तो," नायडू म्हणाले.

"चाळिशीत कुणी म्हातारं होतं का? तुम्ही चाळिशीत काय काय करत होतात ते या तंबीसमोर सांगू का?"

नायडू पुन्हा मागच्या अंगणात गेले.

आंडाळम्मांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी वाटी झाकून आत नेली, येताना बशीत दोन अदिरसम, म्हणजे त्यांच्याकडचे अनारसे, आणले आणि कदिरवेलला नट आवळायला लावलं. तो जाताना त्या फाटकापर्यंत आल्या. गुळाचा पाक जरा पुढे गेलाय, दातांना जपून खा, असं म्हणाल्या. तेलाचा विषय निघाला नाही.

दुपारी नायडू बेकरीवर आले. कदिरवेलवर ठपका त्यांनी ओरडून ठेवला होता, तो आता सगळ्यांदेखत काढायला हवा होता. पण काढायचा तर बायको गाडीला न्हाऊ घालते हे सांगावं लागणार. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू बोलले की शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात अय्या?" सेल्वपांडीनं विचारलं.

"चहा बरा आहे म्हटलं."

वर्कशॉपच्या दारात उभ्या असलेल्या कदिरवेलनं ते पाहिलं आणि तो आत वळला. मरुदाचलम म्हणाला, आपण जाऊन सांगू. कदिरवेल म्हणाला, नको. अम्मांच्या घरातली गोष्ट आपण चव्हाट्यावर मांडायची नाही. नाव जायचं असेल तर जाऊ दे.

ते जायचं टळलं ते फुलांमुळे. संध्याकाळी आंडाळम्मा बेकरीशेजारच्या फुलवालीकडे मोगरा घ्यायला आल्या. सेल्वपांडीला गजऱ्याची आठवण होणं स्वाभाविक होतं. त्यानं कदिर अण्णाच्या माउंटिंगचा विनोद नव्या गिऱ्हाइकांसाठी पुन्हा केला. आंडाळम्मांनी गजरा मोजून घेतला, पिशवीत ठेवला, मग वळल्या.

"त्याच्या कामाला नावं ठेवू नकोस. तेल मी घालत होते. दर शनिवारी, वाटीभर. रबर त्यानं सुजलं. कदिरनं तीनदा नीटच बसवलंय."

कुणीतरी हसेल असं कदिरवेलला वाटलं. कुणी हसलं नाही. सेल्वपांडीनं थोडा विचार केला आणि विचारलं, "कुठलं तेल, अम्मा? घाण्याचं की पाकिटातलं?"

"घाण्याचं."

"तरीच चाळीस वर्षं चालली," सेल्वपांडी म्हणाला, आणि आपल्या रिक्षाकडे निराळ्याच नजरेनं बघू लागला. कदिरवेलला त्याची समजूत घालायला बराच वेळ लागला, आणि ती पूर्ण पटली असं म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी गल्लीत माउंटिंगचा विनोद पुन्हा कुणी केला नाही. गिरणीचे जुने टाइमकीपर आपली गाडी दीपावलीनंतर दाखवायला आणतो म्हणून सांगून गेले.

त्याच संध्याकाळी जावई आला. स्टेशनपासून घरापर्यंत तो मागच्या सीटवर गाढ झोपला होता, असं नायडूंनी फोनवर सांगितलं, पुन्हा नेहमीच्या आवाजात. जावयाला काही बोलायचं सुचलं नाही म्हणून झोपला असेल, असं निरंजनाचं मत होतं. नायडूंनी ते मोजलं नाही.

दीपावलीच्या दिवशी दुपारी नायडू नवी वेष्टी नेसून, मिठाईचा डबा घेऊन वर्कशॉपवर आले. कदिरवेल तिथंच राहत होता, मागच्या खोलीत. फियाट आवाज न करता थांबली. नायडूंनी दार उघडलं, बंद केलं, मग उरलेली तीनही दारं उघडून-बंद करून दाखवली. एकही करकरलं नाही.

कदिरवेलनं विचारलं, अम्मांनी बिजागऱ्यांना लावलं तर.

नायडूंनी पहाटेची हकिकत सांगितली. आंडाळम्मांनी मिरी आणि विड्याचं पान घालून तेल कढवलं. आधी नायडूंच्या डोक्याला, मग जावयाच्या. मग वाटी पुन्हा काठोकाठ भरली आणि त्या पोर्चमध्ये गेल्या. नायडूंच्या डोळ्यांत शिकेकाई होती, काही दिसलं नाही. दारांचे आवाज आले, चारही. त्यानंतर बॉनेट उघडल्याचा आला.

"बॉनेटलाही बिजागऱ्या असतात," कदिरवेल म्हणाला.

"असतात ना."

"वाटीत किती उरलं होतं?"

"वाटी घासायला पडली होती. रिकामी."

दहा बिजागऱ्यांना मिळून चमचाभर तेल लागतं. दोघांनाही ते माहीत होतं. तुम्ही विचारलं नाही का, असं कदिरवेलनं म्हटलं तेव्हा नायडूंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सणाच्या दिवशी, जावई घरात असताना, बायकोला जाब विचारणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. कदिरवेल बॉनेटकडे वळला. नायडू मध्ये आले. आज सण आहे, आज पाना नको, उद्या बघू. त्यांनी डबा त्याच्या हातात दिला, वर लेहियमची, म्हणजे फराळ पचवायच्या चाटणाची, डबीही दिली, आणि गेले.

सोमवारी सकाळी कदिरवेलनं वर्कशॉप उघडलं, चेंबरखाली घालायचा ठोकळा काढून ठेवला. फियाट आली नाही. दुपारी फोन केला तर निरंजनानं उचलला. अप्पा, अम्मा आणि हे शंभर किलोमीटरवरच्या पळणीला देवदर्शनाला गेलेत, मी पाहुण्यांसाठी मागे राहिले, म्हणाली. गाडी घेऊनच. केव्हा येतील ते सांगून गेले नाहीत. कदिरवेलनं ठोकळा परत आत ठेवला नाही; तो पुन्हा लागणारच होता.